भूगोल घ्यावा का प्राचीन इतिहास?

बीएला मला दोन्ही विषय होते म्हणून सांगतो, मराठवाड्याच्या पोराला भूगोल अर्धा तर आधीच येत असतो फक्त कारण माहीत नसतं. पाऊस कमी का, तर ढग सह्याद्रीच्या पश्चिमेलाच बरसून येतात आणि आपण पर्जन्यछायेत. रानातली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तो बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्याच्यात पाणी फक्त भेगांत अन् झिजलेल्या थरात मुरतं त्यामुळं एकाच्या बोअरला पाणी आणि शेजारचा कोरडा. एवढं कळलं की पाठांतर लई लागत नाही, बरी आकृती काढली की मार्क पडतात.

प्राचीन इतिहासाचं तसं नाही. १६ महाजनपदं पाठ करा (गोदावरीकाठचं अश्मक तेवढं पटकन लक्षात राहतं, आपलंच ना), मग सातवाहन, तर ते सुरू कधी झाले यावरच अभ्यासकांचं जमत नाही, पुराणं एक सांगतात नाणी दुसरंच. पण धाराशिवजवळच्या तेरचं म्युझियम बघा एकदा. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर (तगर म्हणजे हेच तेर) इथला माल गाड्यांतून भडोच बंदरात जायचा असं लिहिलंय. तिथली हस्तिदंती बाहुली बघून मी तर इतिहासाचाच झालो.

मार्कांसाठी विचारत असाल तर भूगोल. फक्त नकाशे काढायचा कंटाळा असेल तर त्याच्या नादी लागू नका.