झाकणवाला लिटर बॉक्स, ४ मांजरं, ११ महिने: सगळं त्या सांध्यावर अडलं

आमचा झाकणवाला लिटर बॉक्स, म्हणजे मांजरांनी शी-शू करायचा माती भरलेला डबा, सांध्यातून गळतो अशी माझी तक्रार होती. काल कंपनीचा शेवटचा मेल आला. उत्पादनात दोष आढळला नाही, तक्रार बंद करत आहोत. सोबत पुढच्या खरेदीवर ३०० रुपयांचं कुपन. बॉक्स १,९९० रुपयांचा, त्या गळतीने सडलेल्या चपलांच्या कपाटाला नवा तळ बसवायला सुताराने घेतले २,४०० रुपये, आणि हातात आलं ३०० रुपयांचं कुपन, तेसुद्धा परत त्यांच्याकडूनच काही घेतलं तर. गेल्या सप्टेंबरमध्ये ह्याच बॉक्सला मी पाच तारे दिले होते आणि दोन मैत्रिणींना तो घ्यायलाही लावला होता. त्या दोघींसाठी तरी हे लिहायलाच हवं.

ठाण्यात पाचपाखाडीला आमचं वन बीएचके. माणसं चार, मांजरं चार. ढब्बू बोका, साडेपाच किलोचा. काजळ आणि सोनी ह्या बहिणी. आणि मनी, १३ वर्षांची. चौघांचीही नसबंदी झालेली आहे. हे आधीच सांगून ठेवते. मांजरं जितकी त्याहून एक बॉक्स जास्त, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या हिशेबाने आम्हाला पाच हवेत. आमच्या घरात तीनच मावतात, आणि ते तीन तीन ठिकाणी आहेत: बाथरूमबाहेरचा पॅसेज, बाल्कनी, आणि आतल्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी. एका रांगेत तीन ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच बॉक्स. एकजण वाटेत बसला की बाकीच्यांना तिन्ही बंद.

पॅसेजसाठी ऑगस्टमध्ये झाकणवाला घेतला. पहिले तीन महिने मी खूश होते. माती बाहेर उडत नव्हती, आल्यागेल्याला काही दिसत नव्हतं, सासूबाई सकाळी अनवाणी देवघराकडे जायच्या तेव्हा तळव्यांना दाणे टोचत नव्हते. त्यांना ह्याचं फार कौतुक होतं, म्हणून मलाही.

नोव्हेंबरपासून वास यायला लागला. बॉक्सजवळ नाही, शेजारच्या चपलांच्या कपाटाजवळ. आम्ही मुलाचे फुटबॉलचे बूट बाल्कनीत काढले, कपाटात कापूर ठेवला. मी दिवसातून दोनदा माती चाळत होते, रविवारी सगळी काढून बॉक्स घासत होते, तरी वास तिथेच. शेवटी गुढीपाडव्याच्या आवराआवरीत कपाट भिंतीपासून ओढलं, तर त्याचा तळच सुटून खाली राहिला. प्लायवुड फुगून पापुद्रे उलले होते. फरशीवर पिवळा, चिकट थर. चार महिने रोज थोडी थोडी शू बॉक्सच्या बाहेर ओघळत होती आणि ते प्लायवुड ती पीत होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ढब्बू नीट उकरतो, नीट बसतो, आणि शू सुरू झाली की हळूहळू मागून उठत जातो. शेवटी जवळजवळ उभाच असतो. धार मातीत न पडता मागच्या भिंतीवर पडते. मी टेपने मोजलं: डाग जमिनीपासून १९ ते २१ सेंटीमीटरवर. आणि ह्या बॉक्सचा तळाचा ट्रे आहे १६ सेंटीमीटर उंच. म्हणजे धार ट्रेवर नाही, झाकणाच्या आतल्या बाजूवर पडते आणि तिथून खाली सांध्यापाशी येते. झाकणाची कड ट्रेच्या कडेवर बाहेरून बसते. मग वरून ओघळलेलं ट्रेमध्ये कसं जाणार? ते झाकण आणि ट्रे ह्यांच्या फटीतून बाहेर येतं.

हे मला सुचलं नव्हतं. सासूबाईंचं माहेर चिपळूणजवळचं, दर उन्हाळ्यात घर शाकारताना बघितलेलं. मी झाकण काढून पुसत होते तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं, ट्रेवर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. म्हणाल्या, "अगं, ह्यांनी कौलं उलटी लावलीत." कौलावर पाऊस वरून पडतो, म्हणून वरचं कौल खालच्यावर चढतं. इथे पाणी आतल्या बाजूने वाहणार आहे, म्हणून वरच्या भागाची कड खालच्याच्या आत उतरायला हवी. एवढंच. साच्यात चार-पाच मिलीमीटरचा फरक. मी त्यानंतर गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या दुकानांत जाऊन सात झाकणवाले बॉक्स उघडून बघितले. पाचांची कड बाहेरून होती. दोघांची आत उतरत होती, पण ते दोन्ही ढब्बूला लहान.

कंपनीला फोटो पाठवले. त्यांनी व्हिडिओ मागितला. ढब्बूचा तसा व्हिडिओ काढायला मला चार दिवस लागले, कारण मी जवळ बसले की तो निघून जायचा. व्हिडिओ बघून उत्तर आलं की तुमचा बोका स्प्रे मारतो आहे, नसबंदी करून घ्या. स्प्रे मारणारं मांजर उकरत नाही, बसत नाही; उभं राहून शेपटी ताठ करतं, शेपटी थरथरते आणि थोडीशीच पिचकारी भिंतीवर जाते. ढब्बू आधी उकरतो, मग पूर्ण शू करतो, मग झाकतो. हे मी लिहून पाठवलं, नसबंदीचा कागदही पाठवला. मग त्यांनी चार नवीन क्लिपा पाठवल्या. क्लिपांनी झाकण घट्ट बसतं, सांधा जिथे आहे तिथेच राहतो. मग म्हणाले, बॉक्स धुऊन मूळ खोक्यात घालून परत पाठवा. आठ महिन्यांनी मूळ खोकं कोणाच्या घरात असतं? शेवटी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा उत्तरं यायचा वेग वाढला. उत्तर काय आलं ते वर लिहिलंच आहे.

मधल्या काळात मी सांध्याला आतून सिलिकॉन भरून बघितलं. गळती थांबली, पण मग झाकण निघेना, आणि झाकण निघालं नाही तर बॉक्स घासता येत नाही. आठ दिवसांनी ब्लेडने कापून काढलं.

एप्रिलमध्ये जांभळी नाक्यावरून सामान भरायचा मोठा प्लास्टिकचा टब घेतला, ७८० रुपयांना. बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मापाच्या दीडपट हवी. ढब्बू ४७ सेंटीमीटर भरला, म्हणजे ७० च्या आसपास. "जंबो" लिहिलेला आमचा झाकणवाला ५२ सेंटीमीटरचा होता. टब ७१ चा, भिंती ३९ सेंटीमीटर उंच, आणि सगळा एकसंध. सांधाच नाही. पुढच्या बाजूने नवऱ्याने गॅसवर तापवलेल्या सुरीने जमिनीपासून १४ सेंटीमीटरवर खाच कापली, पॉलिश पेपरने घासली, आणि धारेवर बागेच्या पाइपचा तुकडा उभा चिरून बसवला. पोट घासलं तरी कापत नाही. मनीचे मागचे पाय आता कडक झालेत, तिला १४ सुद्धा चढवत नाही, म्हणून पलंगाच्या पायथ्याशी १६० रुपयांचं साधं घमेलं आहे. ती त्यात सुखाने जाते.

उघड्या टबाबद्दल माझी एकच भीती होती, वास. ती खोटी ठरली. झाकणाने वास जात नाही, आत कोंडतो, आणि तो मांजराच्या नाकाशी राहतो. शूमधल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात; ते व्हायच्या आत शूने मातीचा झालेला गोळा उचलला तर उघड्यावरही वास येत नाही. दिसतं म्हणून उचललं जातं. झाकणाखाली असायचं तेव्हा मी दिवसातून दोनदा चाळत होते, आता येता-जाता चाळते.

आणि मे महिन्यात ह्याच कारणाने ढब्बू वाचला. सकाळी टबात रोजच्यासारखा त्याचा मुठीएवढा गोळा नव्हता. त्याऐवजी वाटाण्याएवढे पाच-सहा. थोड्या वेळाने तो परत आत गेला, बराच वेळ बसून राहिला, एकदा ओरडला आणि बाहेर येऊन चाटत बसला. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, खड्यांनी किंवा चिकट गाळाने ती बंद होते, आणि पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मी रिक्षा केली आणि अर्ध्या तासात डॉक्टरांकडे होते. नळी घालावी लागली, तीन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मूत्रपिंडांवर आलं असतं. झाकणवाला बॉक्स असता तर तो आत किती वेळ बसला, ओरडताना कसा दिसत होता, हे मला कळलं नसतं. ह्या एका गोष्टीसाठी मी घरातलं कुठलंही कपाट सडू देईन. ज्यांच्याकडे बोका आहे त्यांनी रोज गोळे मोजा.

मातीचं थोडक्यात. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत सिलिकाचे खडे आठवडाभरात भरून जातात, हवेतलं पाणीही तेच ओढतात. सोयाबीनच्या चोथ्याची टोफू लिटर जूनमध्ये बाल्कनीत ठेवली, तिला दहा दिवसांत बुरशी आली. आम्ही परत बेंटोनाइटच्या चिकणमातीवर आलो. ती आपल्याकडे कच्छातून येते, पाणी लागलं की फुगते आणि घट्ट गोळा होतो. (दुकानातून विकत आणायची मांजराची माती अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लोव ह्यांनी सुरू केली, ती होती मुलतानी मातीच्या जातीची. शोषून घ्यायची, पण गोळा व्हायची नाही. गोळ्याची माती १९८० च्या दशकातली.) थर सात सेंटीमीटर ठेवा, कमी असला तर गोळा तळाला चिकटतो, खरवडताना फुटतो आणि माती जास्त लागते. आधी महिन्याला ३० किलो लागायची, आता २२ पुरते. ही माती फ्लश करू नका, पाइपातही ती फुगतेच.

आणि फिनेल नको. सासूबाई पॅसेज फिनेलने पुसायच्या. काळ्या फिनेलमधली फिनॉलची द्रव्यं मांजराच्या यकृताला मोडता येत नाहीत, आणि मांजर तेच पंजे चाटतं. शूवर ब्लीच टाकलं तर विषारी वायू होतो. एन्झाइमवालं क्लीनर महाग आहे, पण फरशीच्या सांध्यातला जुना वास त्यानेच गेला. नुसत्या साबणाने पुसलेला डाग पहिल्या पावसात परत वास मारायला लागला होता.

एवढं सगळं लिहून मला झाकणवाला बॉक्स वाईट म्हणता येत नाही, कारण सोनी. ती घाबरट आहे. काजळ पूर्वी झाकणाच्या दाराशी दबा धरून बसायची आणि सोनीला आत कोंडायची, म्हणून उघड्या टबाने सोनीला सुटल्यासारखं होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. तिला वर छप्पर लागतं. टब आल्यापासून ती दोनदा आंघोळीच्या बादलीमागे करून आली आणि कोपऱ्यात अंग चोरून बसली. तिच्यासाठी जुना झाकणवाला बाल्कनीत ठेवला, दार भिंतीकडे न करता दोन्हीकडून दिसेल असं, म्हणजे काजळ येताना दिसते. आता सोनी नीट जाते. ती उकिडवी बसते, तिची धार कधी सांध्यापर्यंत येत नाही. पण ढब्बूही कधीकधी तिथे जातो, आणि मग मी खाली वर्तमानपत्र टाकून सांधा पुसत बसते.

म्हणून मला अजून एक बॉक्स हवा आहे. निदान ६५ सेंटीमीटर लांब, झाकणवाला, आणि झाकणाची कड ट्रेच्या आत उतरणारी. दुकानात झाकण उचलून बोट फिरवलं की दोन सेकंदांत कळतं. असा कुणी ठाण्यात किंवा वाशीत बघितला असेल तर दुकान सांगा, मी टेप घेऊन जाईन.