गुडघ्याची ‘गादी भरणारी’ पुडी : दोन दिवसांत आराम पडला, तर सावध व्हा

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात लंगडत चालणाऱ्या काकूंना कुणीतरी आपुलकीनं गाठतं. “माझ्या आईचंही असंच होतं, एका वैद्यांनी बरं केलं,” म्हणून पत्ता देतं. तिथं चूर्ण स्वस्तात मिळतं, पण त्यात ‘भस्म’ घालावं लागतं आणि त्याचा भाव ग्रॅमवर असतो. किती ग्रॅम, हे सगळं खलात घोटून झाल्यावर कळतं. मग “आता परत कसं घेणार?” म्हणत हजारोंचं बिल हाती येतं. पावती म्हणजे शिक्का नसलेली कच्ची चिठ्ठी.

पैसे गेले ते गेलेच, पण खरा धोका पुडीत आहे. अशा चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं कुटून मिसळलेली सापडतात, सोबत कधी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही. म्हणूनच दोन-तीन दिवसांत जिना चढता येतो, भूक वाढते, आणि घरचे आणखी चार जणांना पत्ता देतात. पुढे चेहरा सुजतो, शुगर आणि बीपी चढतं, जरा लागलं की कातडीवर काळेनिळे डाग पडतात. प्रेडनिसोलोन रोज 5 मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेलं तरी हाडं ठिसूळ व्हायला पुरतं, आणि डेक्सामेथासोनचे 0.75 मिलिग्रॅम साधारण तेवढंच काम करतात. पुडीत किती आहे, हे तर कुणालाच ठाऊक नसतं. काहींच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरतं. औषध गुडघ्यासाठी घेतलं आणि निकामी झाला खुबा, असं घडतं.

‘गादी वाढली’ म्हणून दाखवलेल्या एक्स-रेवरही विश्वास ठेवू नका. पहिला उभं राहून आणि दुसरा झोपून काढला, तर गुडघ्यावर वजन नसल्यानं हाडांमधली फट आपोआप जास्त दिसते. कूर्चेला, म्हणजे याच गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. झिजलेली कूर्चा कुठल्याही चूर्णानं पुन्हा उगवत नाही.

याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी, असा मुळीच नाही. आपल्या विदर्भाच्या जंगलातली सालई, म्हणजे शल्लकी, हिच्या डिंकाच्या अर्काची चाचणी नागपुरातच, मेयोत (इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात) झाली आणि 2003 साली प्रसिद्ध झाली. 30 रुग्ण होते, आठ आठवडे अर्क दिला. दुखणं आणि सूज कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला. एक्स-रेत मात्र काही फरक दिसला नाही. प्रामाणिक वैद्य एवढंच सांगतील, आणि गुण यायला काही आठवडे लागतील हेही सांगतील.

वैद्य आपल्या रुग्णासाठी स्वतः औषध बनवू शकतात, त्यामुळे नुसत्या बिनलेबल पुडीवरून काही ठरत नाही. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक विचारा. तयार डबी असेल तर परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत पाहा.

पुडी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. अचानक थांबवलं की गळाठा, उलट्या, बीपी घसरणं, आणि जीवावरही बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊन लगेच नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो किंवा एम्स रुग्णालयात जा, स्टेरॉइडचा संशय स्पष्ट बोलून दाखवा. डॉक्टर सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरानं स्वतः बनवलेलं स्टेरॉइड, तपासून डोस हळूहळू उतरवतील. मांडीच्या सांध्यात, जांघेत दुखत असेल तर तेही सांगा, कारण सुरुवातीला खुब्याची इजा एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. थोडी पुडी आणि चिठ्ठी घरी जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात तक्रार करताना दोन्ही लागतील.