जेम, निक्सी की स्वतःची निविदा? सरकारी कार्यालयाची आयटी खरेदी

समजा, कार्यालयाला चाळीस संगणक हवेत, दोन सर्व्हर हवेत आणि अर्जांची ऑनलाइन प्रणाली सांभाळायला तीन माणसं हवीत. अनुदान आलंय. साहेब विचारतात, "जेमवर टाकायचं की निक्सीकडे द्यायचं?" जेम म्हणजे सरकारी खरेदीचं केंद्राचं ऑनलाइन पोर्टल, निक्सी म्हणजे एनआयसी या सरकारी आयटी संस्थेची कंपनी. तिन्ही गोष्टींचं उत्तर एक नाही, तेव्हा आधी मागणीपत्रं वेगळी करा. यावर कोणी "तुकडे पाडताय" म्हणालं तर घाबरू नका. खरेदीची मर्यादा चुकवायला चाळीस संगणक दहा-दहाच्या चार आदेशांत घेणं म्हणजे तुकडे पाडणं. संगणक आणि मनुष्यबळ वेगळं घेणं म्हणजे नव्हे.

संगणकांसाठी जेम. यात फार विचार करण्यासारखं नाही. पूर्वी केंद्राची डीजीएस अँड डी ही संस्था दरकरार करायची. एकदा दर ठरला की कार्यालयं त्याच दराने माल घ्यायची. 31 ऑक्टोबर 2017 ला ती संस्था बंद झाली. त्याआधीच, ऑगस्ट 2016 मध्ये, जेम सुरू झालं होतं. महाराष्ट्रानेही 2017 मध्ये ते स्वीकारलं. केंद्राच्या सध्याच्या नियमांनुसार 50 हजारांपर्यंत थेट खरेदी, त्यापुढे 10 लाखांपर्यंत वेगवेगळ्या तीन उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराचा, आणि त्यावर बोली किंवा रिव्हर्स ऑक्शन (पुरवठादार दर उतरवत जातात असा लिलाव). राज्याच्या कार्यालयांनी मर्यादांसाठी आपल्या खरेदी नियमपुस्तिकेचे (1 डिसेंबर 2016) आणि त्यानंतरचे शासन निर्णय पाहावेत.

जेमवर दर आपोआप खाली येतो, पण दर्जा आपोआप वर येत नाही. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, मॉनिटरचा आकार, ऑनसाइट वॉरंटीची वर्षं हे सगळं फिल्टर तुम्हीच लावायचे असतात. ढिले लावले तर एल-1 ला (सर्वांत कमी दराच्या बोलीला) असा डबा येतो की त्यावर वर्षभराने कोणी काम करायला तयार होत नाही. फारच घट्ट लावले तर एकच कंपनी उरते आणि तक्रारीचं पत्र येतं. मधली जागा शोधायला एक संध्याकाळ द्या, ती वाया जात नाही. दुसरी नाजूक जागा माल उतरल्यावर. आधी प्रोव्हिजनल पावती, मग तपासणी करून दहा दिवसांत सीआरएसी, म्हणजे माल मिळाला आणि स्वीकारला असं प्रमाणपत्र. भांडारपालाने खोके न उघडताच सीआरएसी दिली की पुरवठादाराचं बिल पुढे सरकतं, आणि चुकीची रॅम निघाली तर पत्रव्यवहार तुमच्या वाट्याला येतो. खोकी उघडा, सिरियल नंबर यादीशी ताडून पाहा, मगच क्लिक करा.

माणसांचं गणित वेगळं. जेमवर मनुष्यबळाची बोली काढली की बऱ्याच एजन्सी किमान सेवाशुल्क भरतात, सगळे एल-1 वर बरोबरीत येतात आणि त्यांतला एक पोर्टलच निवडतं. डेटा एंट्रीसाठी चालेल. ज्याला डेटाबेस हातात द्यायचा, त्याच्यासाठी ही पद्धत मला पटत नाही. इथे निक्सी बरी. 1995 साली स्थापन झालेली ही एनआयसीची कंपनी निविदा काढून एजन्सी आधीच पॅनलवर घेते. अनुभवाच्या पायऱ्यांनुसार दर ठरलेले असतात, त्यामुळे विकासक आणि डेटाबेस प्रशासक यांना एकाच तराजूत तोललं जात नाही. तुम्ही प्रकल्प कळवायचा, निक्सी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (आगाऊ बिल) पाठवते, तुम्ही पैसे भरता, मग एजन्सीला कार्यादेश निघतो.

अडचण त्या "पैसे भरता"मध्ये आहे. रक्कम सहसा आगाऊ द्यावी लागते, वर निक्सीचं स्वतःचं शुल्क असतं. मार्चअखेर अनुदान परत जाऊ नये म्हणून लोक घाईने पैसे तिकडे वळवतात आणि काम सहा महिन्यांनी सुरू होतं. लेखापरीक्षक हा मुद्दा सोडत नाहीत: निधी खर्च झाला की नुसता ठेवला? काम लगेच सुरू होणार असेल तरच हा रस्ता धरा, आणि उरलेल्या रकमेचं विवरण दर तिमाहीला मागत राहा. दुसरी गोष्ट, माणूस एजन्सीचा असतो, आदेश निक्सीचा आणि काम तुमचं. हजेरी आणि कामाचा दर्जा यांची लेखी नोंद तुमच्याकडे नसेल तर दंड लावायला आधारच राहत नाही.

सर्व्हरबद्दल माझं मत सरळ आहे: दोन यंत्रं घेण्याआधी ती ठेवणार कुठे ते विचारा. एसी, यूपीएस, रात्रीची देखरेख यांची सोय नसेल तर केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पॅनलवर घेतलेल्या आणि एसटीक्यूसी या त्याच्याच दर्जा तपासणाऱ्या संस्थेने तपासलेल्या क्लाउड पुरवठादारांकडून सेवा घ्या. ती जेमवरूनही घेता येते. मात्र मासिक बिल पुढच्या वर्षीच्या तरतुदीतही दाखवावं लागेल, हे लेखा शाखेला आजच सांगा.

आणि स्वतःची निविदा? महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर दोन लिफाफ्यांची (एकात तांत्रिक बाजू, दुसऱ्यात दर), बोलीपूर्व बैठकीसकट. वेळ खाते, शुद्धिपत्रकं निघतात, कधी फेरनिविदाही करावी लागते. तरीही अर्जांची प्रणाली मुळातून नव्याने बांधायची असेल तर हाच रस्ता, कारण तुमच्या कामाची रीत कोणत्याही कॅटलॉगमध्ये नसते. तेव्हा नुसत्या कमी दरावर न जाता दर्जा आणि दर दोन्हींना गुण देणारी पद्धत लावा, आणि सोर्स कोडची मालकी कार्यालयाकडे राहील ही अट पहिल्या मसुद्यातच घाला. नंतर घालू म्हटलं तर पुरवठादार तिचेही पैसे मागतो.