भोसरीतले न्यूमॅटिक्सचे दुकान : रोबोटिक्स संघाचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतील हे न्यूमॅटिक्सचे, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रभागांचे, दुकान मुख्यतः कारखान्यांना माल पुरवते. आमच्यासारखे दोन सिलिंडर (हवेच्या दाबाने रॉड पुढे-मागे ढकलणारे) आणि चार मीटर पीयू (पॉलियुरेथेन) नळीसाठी आलेले विद्यार्थी तिथे किरकोळच गिऱ्हाईक, तरीही काउंटरवरच्या काकांनी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) विचारण्याआधी वजन किती ढकलायचे आहे, हे विचारले. आम्ही 40 मिमी बोअरचा सिलिंडर मागत होतो. त्यांनी जुन्या पावतीच्या मागे हिशेब मांडला : घर्षण सोडले तर 25 मिमीचा सिलिंडर 6 बार दाबाला पुढे जाताना सुमारे 30 किलोचा जोर देतो आणि मागे येताना, 10 मिमी रॉडने व्यापलेली जागा वजा जाऊन, 25 किलोचा, 40 मिमीचा मात्र तेवढ्याच स्ट्रोकला (रॉड सरकण्याच्या लांबीला) अडीच पट हवा खातो. आमची हवा दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीत भरलेली. 100 मिमी स्ट्रोकचा 25 मिमी सिलिंडरसुद्धा पाच वेळा पुढे-मागे झाला, की तिच्यातला दाब 6 बारवरून साडेचारच्या आसपास उतरतो, हे आम्ही नंतर गेजवर पाहिले. मोठा बोअर घेतला असता, तर सामना संपण्याआधीच रोबोटचा हात लुळा पडला असता.

तक्रारही आहे. बिलावर 12 व्होल्टचा 5/2 सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या इशाऱ्यावर हवेची वाट बदलणारा) लिहिलेला असताना त्याची कॉइल 24 व्होल्टची निघाली. ती विनातक्रार बदलून मिळाली, पण कोथरूडहून पुन्हा भोसरी गाठण्यात अख्खा शनिवार गेला. कारखान्यांत बहुधा 24 व्होल्टच चालतात, त्यामुळे कॉइलवरचा छाप दुकानातच वाचावा.

नळी काकांनी कटरने काटकोनात कापून दिली. आम्ही कार्यशाळेत ब्लेडने तिरकी कापलेली नळी पुश फिटिंगमध्ये (नळी नुसती दाबून बसवायच्या जोडात) हवा सोडत होती. साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसेपर्यंत आमचा संशय व्हॉल्व्हवर होता. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा ठेवायचा, नाहीतर टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये शिरून त्यातला सरकता दांडा, म्हणजे स्पूल, अडकतो, हेही तिथेच समजले. पावसाळ्यात बाटलीत साचणारे पाणी मात्र रोज काढावेच लागते.

सिलिंडरचे सील किट (आतली रबरी सील बदलण्याचा संच) मागितल्यावर काका हसले. या मापाचे गोल मिनी सिलिंडर बहुधा दाबून कायमचे बंद केलेले असतात. सील गेले की सिलिंडरच बदलायचा. आम्ही एक जादा घेऊन ठेवला.