नाशिकमधला आठवड्याचा बाजार : किराणा कुठून भरावा, भाजी कुठून आणावी?

दोन मोठी माणसं, दोन शाळकरी मुलं, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी आणि रोजचे डबे. अशा घराला आठवड्याला साधारण चार किलो गव्हाचं पीठ, दीड किलो तांदूळ, डाळी-कडधान्यं मिळून सव्वा किलो, पाऊण किलो तेल, तेवढीच साखर, अर्धा किलो शेंगदाणे, पोहे-रवा मिळून अर्धा किलो, दहा-अकरा लिटर दूध, दोन किलो कांदे, एक किलो बटाटे आणि सात-आठ किलो भाजी-फळं लागतात. दुधाचा रतीब ठरलेला असतो, तिथे फारसं काही करता येत नाही. प्रश्न उरतो तो किराण्याचा आणि भाजीचा.

बहुतेक घरांत सगळा जोर किराण्यावर असतो. कुठल्या दुकानात साखर दोन रुपयांनी स्वस्त, कुठे तेलावर सूट, याची चर्चा आठवडाभर चालते. पण पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि सुटा माल बहुतेक त्याच घाऊक बाजारातून येतो, त्यामुळे किराण्याच्या भावात दुकानागणिक फार फरक पडत नाही. भाजीचं तसं नाही. एकाच दिवशी, एकाच शहरात, दारावरची गवार आणि गोदाघाटावरची गवार यांच्या भावात दीडपट-दुपटीचा फरक असू शकतो. गिरणारे, दिंडोरी, निफाडचा भाजीपाला आपल्या शहराच्या उंबरठ्यावर उतरतो. म्हणून नाशिकच्या माणसाने किराण्याला कमी वेळ द्यावा आणि भाजीला जास्त, असं आमचं स्पष्ट मत आहे.

किराणा : तीन वाटा

| | गल्लीतलं दुकान | मॉल | रविवार कारंजा भागातली घाऊक दुकानं |
|---|---|---|---|
| कमीत कमी माल | पाव किलोही मिळतो | पाकीट असेल तेवढं | काही जिन्नस पाच किलोपासून पुढेच परवडतात |
| सुटा माल | असतो | थोडा | मुख्यतः सुटाच |
| उधारी | खातं चालतं | नाही | नवीन गिऱ्हाइकाला नाही |
| कुठे पैसे जातात | किलोमागे थोडा जास्त भाव | यादीबाहेरची खरेदी | जाण्यायेण्याचं भाडं, साठवणीत लागलेली कीड |

मॉलची सूट खरी असते, ती बिलाच्या तळाशी छापलेलीही असते. पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. मागच्या दोन महिन्यांची बिलं घ्या, घरून नेलेल्या यादीत नव्हत्या त्या वस्तूंवर पेनाने खूण करा आणि त्यांची बेरीज करा. ही बेरीज सूट मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त निघाली, तर तुमच्या घरासाठी मॉल महाग आहे. कमी निघाली तर खुशाल तिथेच जा. शेजाऱ्यांच्या अनुभवावरून हे कळत नाही, प्रत्येक घराचा हिशेब निराळा निघतो.

सुट्या मालाची एक बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर पाच टक्के जीएसटी आहे. दुकानदार पोत्यातून मोजून देतो त्या सुट्या मालावर तो नाही. तूरडाळ, तांदूळ, गहू हे जिन्नस सुटे घेतले तर एवढा फरक आपोआप पडतो. मात्र सुटी डाळ घेताना ओंजळीत घेऊन बघायचीच. तळाशी पिठासारखी भुकटी दिसली किंवा दाण्याला बारीक भोक असलं, तर ती डाळ लवकरच किडणार.

तेलाच्या डब्यावर सगळ्यात जास्त फसगत होते. काही डबे १५ किलोचे असतात, काही १५ लिटरचे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असतं. शेजारी ठेवले तर डबे सारखेच दिसतात, भावात शंभर-दोनशेचा फरक असतो आणि स्वस्त म्हणून उचललेला डबा किलोमागे महाग पडतो. पिशव्यांचंही हेच आहे. सगळ्याच पिशव्या एक लिटरच्या नसतात, त्यामुळे निव्वळ वजन वाचल्याशिवाय दोन कंपन्यांच्या भावांची तुलना करू नये. आता पाकिटावर एमआरपीजवळच ग्रॅम-किलोमागचा किंवा मिलिलिटर-लिटरमागचा दर छापलेला असतो, तोच बघायचा, फक्त दोन्हीकडे एकक एकच हवं.

वर्षाचे गहू एकदम भरावेत का? एका किलो पिठात तीस-पस्तीस पोळ्या होतात. दिवसाला वीस पोळ्या लागणाऱ्या घराला वर्षाला सव्वादोन क्विंटलच्या आसपास गहू लागतो. एप्रिल-मेमध्ये नवा गहू आला की भाव बरा असतो आणि कडक ऊनही असतं. दोन दिवस वाळवून, पूर्ण गार करून, कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरला तर टिकतो. गहू गरम असतानाच झाकण लावलं तर आत घाम धरतो आणि पावसाळ्यात पोरकिडे होतात. तळमजल्यावरचं ओलसर घर, भाड्याची जागा किंवा गच्ची नसलेला फ्लॅट असेल, तर या फंदात पडू नका. महिन्याला वीस किलो गहू घ्या नि गिरणीतून पाच-पाच किलो दळून आणा.

सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्या ज्या घरांत पगार आठवड्याने किंवा तुकड्या-तुकड्याने येतो, त्यांना महिन्याचा किराणा एकदम भरायचा सल्ला देणं बरोबर नाही. त्यासाठी कुणाकडून उसने घ्यावे लागणार असतील, तर गल्लीतल्या दुकानातून दर आठवड्याला अर्धा किलो डाळ घेणं, भाव जास्त असूनही, शहाणपणाचं आहे. फक्त खात्याची वही दर आठवड्याला दुकानदारासमोर बसून जुळवून घ्यायची.

भाजी : इथे खरा पैसा वाचतो

बुधवारचा गोदाघाटावरचा बाजार हा अजूनही स्वस्तात भाजी घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. सकाळी माल ताजा आणि भाव चढा असतो. दिवेलागणीला विक्रेत्यांना गावी परतायचं असतं, म्हणून भाव उतरतो, पण तोवर पालेभाजी उन्हाने मऊ पडलेली असते. म्हणून संध्याकाळी गेलात तर कोबी, दुधी, भोपळा, वांगी, गवार, मिरची, आलं-लसूण घ्या. मेथी-शेपू-कोथिंबीर हवी असेल तर सकाळीच जा. पावसाळ्यात नदीला पूर आला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी चढू लागलं की त्या बुधवारचा भरवसा धरू नये. घरात कडधान्याची सोय ठेवावी.

भद्रकालीत भाजी रोज मिळते आणि भाव दारावरच्यापेक्षा कमी असतो. अडचण गर्दीची आणि गाडी लावण्याची आहे. बाजार समितीतला लिलाव परवानाधारक व्यापाऱ्यांसाठी असतो, तिथे घरगुती गिऱ्हाइकाचं काम नाही. आवाराबाहेर किरकोळ विक्रेते बसतात, पण तेही मोठं माप देतात. चार घरांनी मिळून टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट घेतला तर फार परवडतो. एकट्या घराने घेतला तर निम्मा सडतो.

दारावरची हातगाडी महाग असते, हे खरं. पण पाव किलो भेंडी, दहा रुपयांची मिरची-कोथिंबीर अशी खरेदी तिथेच होते, आणि रोज लागेल तेवढंच घेणाऱ्या घरात काही वाया जात नाही. ताज्या पालेभाजीसाठी हातगाडीच बरी. काट्याबद्दल शंका आली तर एक किलो मिठाचं बंद पाकीट त्यावर ठेवून बघा. मीठ आणि पिशवी मिळून किलोच्या थोडं वर भरलं पाहिजे. काटा ९५० दाखवत असेल तर तो कमी वजन दाखवतो, म्हणजे नुकसान विक्रेत्याचंच आहे. १,०५० दाखवत असेल, तर तुम्हाला प्रत्येक किलोत जवळपास पन्नास ग्रॅम कमी मिळतंय.

भावाची तुलना करताना टोपलीतल्या वजनावर जाऊ नका, कढईत किती पडणार ते बघा. एक किलो मटाराच्या शेंगांत दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात. मेथीची जुडी निवडली की निम्मी उरते, पानाबरोबर दांडा आणि माती तोललेली असते. फ्लॉवरचा पाला-दांडा काढला की किलोतला अर्धा-पाऊण हाती येतो. गवार, भेंडी, कोबी यांत फार जात नाही. समजा मटार ६० रुपये आणि गवार ८० रुपये किलो आहे. वाटतं मटार स्वस्त, पण दाण्यांचा भाव १२० रुपये पडला.

आठवड्याची सगळी भाजी एकदम आणणं हा सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार आहे. शनिवारपर्यंत पालक काळवंडतो, कोथिंबिरीचं पाणी होतं, आणि मग बाहेरून काहीतरी मागवलं जातं. बुधवारी मोठा बाजार आणि शनिवार-रविवारी घराजवळून छोटी खरेदी, असे दोन भाग करा. पहिल्या दोन दिवसांत पालेभाजी, मग भेंडी-गवार-वांगी, शेवटी कोबी, दुधी, भोपळा, असा क्रम लावला तर फेकायला फार थोडं उरतं. कोथिंबीर धुऊन ठेवायची नाही. मुळं कापून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की पाच-सहा दिवस निघतात.

कांद्याचा वेगळा विचार

लासलगाव-पिंपळगाव शेजारी असून शहरातली कितीतरी घरं कांदा चुकीच्या वेळी साठवतात. पोळ आणि रांगडा हे लाल कांदे टिकत नाहीत, लवकर कोंब धरतात आणि सडतात. ते एकावेळी दोन किलोच घ्यावेत. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमधला, मान बारीक आणि सुकलेली, साल घट्ट असलेला. जोडकांदा आणि जाड मानेचा आधी वेगळा काढून संपवायचा. घरगुती जागेत वीस-पंचवीस किलोपेक्षा जास्त भरू नये. जाळीच्या पिशवीत किंवा क्रेटमध्ये वारा लागेल असा ठेवावा, बटाट्याशेजारी कधीच ठेवू नये आणि दर आठवड्याला हात फिरवून नासका उचलावा. एक नासका राहिला की शेजारचे चार जातात. गोल्टी, म्हणजे अगदी बारीक कांदा किलोला स्वस्त मिळतो, पण सोलण्यात वेळ आणि साल दोन्ही जास्त जातात. वाटणाला आणि रश्शात अख्खा घालायला तो ठीक आहे.

दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपचं गणित थोडक्यात संपतं. वीस रुपयांच्या कोथिंबिरीवर पोहोचवण्याचे आणि हाताळणीचे मिळून तीस रुपये लागले, तर ती कोथिंबीर पन्नासची झाली. आणि शुल्क टाळायला किमान रकमेपर्यंत भर घातली, तर नको असलेलं सामान आलं. पाहुणे दारात असताना किंवा घरात आजारी माणूस असताना ॲप उपयोगी आहे, रोजच्या स्वयंपाकासाठी नाही.

पैसे कसे वाटायचे

समजा महिन्याला १२,००० रुपये ठरवले. दूध दिवसाला दीड लिटर, ६० रुपये भावाने २,७००. साबण-पावडर धरून किराणा ५,०००. उरले ४,३००. हे चाराने भागायचे नाहीत, ४.३ ने भागायचे, म्हणजे आठवड्याला १,००० येतात. चाराने भागलं तर १,०७५ येतात, पण चार आठवडे म्हणजे २८ दिवसच. उरलेले दोन-तीन दिवस हिशेबात कुठेच नसतात, आणि महिनाअखेरीची ओढाताण नेमकी तिथून सुरू होते. या हजारातले ६५० बुधवारसाठी, २५० शनिवारसाठी आणि १०० हातगाडीसाठी वेगळे ठेवा. श्रावणात साबुदाणा, भगर, शेंगदाणे वाढतात, पण चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदा-लसूण बंद असतो. ते पैसे तिकडे वळवावेत. दिवाळीच्या तेल-तूप-रव्यासाठी भाद्रपदापासून थोडं बाजूला काढावं, कारण तो खर्च एका महिन्याच्या किराण्यात बसत नाही.

राहता राहिला अंतराचा प्रश्न. पंचवटी, जुनं नाशिक, रविवार पेठ, अशोक स्तंभ इथल्या घरांनी बुधवारचा बाजार आणि रविवार कारंजा सोडू नये. नाशिकरोडहून घाटावर रिक्षाने जाऊन-येऊन जे भाडं पडतं, त्यात भाजीतली बचत संपते. तिथल्यांनी देवळाली गावचा सोमवारचा बाजार धरावा. सिडकोवाल्यांना पवननगर, गंगापूर रोडवाल्यांना आकाशवाणीजवळचा भाजीबाजार जवळ पडतो. भाव घाटापेक्षा थोडा जास्त असतो, पण पायी जाता येतं आणि आठवड्यातून दोनदा जाणं जमतं. पाथर्डी फाट्याकडच्या नव्या सोसायट्यांत दोघंही नोकरी करणारे असतील, तर चार-पाच घरांनी पाळी लावावी. एकाने गाडी काढून बुधवारी सगळ्यांची भाजी आणायची, पैसे आदल्या रात्री गोळा करायचे आणि यादीत किलो लिहायचे, रुपये नाही.