कंबोई की दीव? बडोद्याहून गळ टाकायला पहिल्यांदा कुठे जावं

दांडिया बाजारातल्या आमच्या ग्रुपमधे दर थंडीत कोणीतरी विचारतंच, समुद्रात गळ टाकायला कुठे जायचं. जवळ म्हणाल तर खंभातच्या आखातावरचं कावी-कंबोई, सकाळी निघून रात्री घरी, पण खरं सांगू का, नवीन माणसाला मी तिथे पाठवणार नाही.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आहे, भावनगरला तर मोठ्या भरतीला १० मीटरच्या आसपास, कंबोईचं स्तंभेश्वर देऊळ भरतीत पाण्याखाली जातं ते सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. ओहोटीत पाणी लांब जातं, तुम्ही मागोमाग चिखलात उतरता, पाय रुततात आणि पाणी परत येतं ते भराभर. शिवाय गढूळ पाण्यात चमकणारे ल्युअर (खोटी आमिषं) जवळपास निरुपयोगी, वासावर येणारा शिंगाळा मासा वगैरे मिळेल, त्याचे काटे विषारी, पकडने धरा. जायचंच असेल तर अष्टमीच्या आसपास जा, तेव्हा भरती लहान असते, अमावस्या-पौर्णिमेला नको, आणि स्थानिक माणूस सोबत हवाच.

दीव लांब, रात्रभराचा प्रवास, राहायचा खर्च वेगळा (ग्रुपमधले काहीजण मासे सोडून दारूसाठीच तयार होतात). पण उभं राहायला खडक, पाणी त्यामानाने स्वच्छ, हेकरू (ग्रुपर), तांब (रेड स्नॅपर) मिळू शकतात. खडकात शिसं (गळाचं वजन) अडकून तुटतं, जास्तीची घ्या, आणि शेवाळावर साधी चप्पल नको.

सामान दोन्हीकडे एकच, ८-९ फुटी रॉड, ४००० साइजचा स्पिनिंग रील, ताजी कोळंबी. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकेच धुवा. पावसाळ्यात दोन्ही नको.