रस्टडेस्क: खरीप ते कापूस, एका हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यातल्या काही कृषी केंद्रांचे आणि जिनिंगच्या वजनकाट्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. आधी दुकानातलं मशीन लांबूनच चालवायला फुकटचं एक रिमोट अ‍ॅप होतं. ऐन पेरणीत, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, ‘व्यावसायिक वापर आढळला’ म्हणत ते कनेक्शन तोडायला लागलं. त्याची वर्गणी माझ्या धंद्याला झेपत नाही, म्हणून रस्टडेस्क या त्याच कामाच्या अ‍ॅपवर आलो.

आरडीपीचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या रिमोट सोयीचा, प्रश्नच नव्हता. बहुतेक दुकानांत विंडोजची होम आवृत्ती. तिच्यात आरडीपीने बाहेरून शिरता येत नाही. नेटही सिमचं, सीजीनॅटच्या मागे (कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते), म्हणजे दुकानात पोर्ट उघडून उपयोग नाही. रस्टडेस्क आधी दोन मशीन थेट जोडून पाहतं, नाही जमलं तर रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, नेतं. तो रिले मी भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः बसवला. त्या सर्व्हरवर टीसीपीचे २१११५ ते २१११९ हे पोर्ट लोक उघडतात, पण २१११६ यूडीपीवरही लागतो हे विसरतात. मग मशीन ऑनलाइन दिसत नाही.

सुरुवातीला मला चित्राचा दर्जा सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा. आता वाटत नाही. दर्जा कमी केला की टूजीसारख्या नेटवरही पावतीचे आकडे वाचता येतात, तेवढं पुरतं. खरा प्रश्न लाईनीचा, म्हणजे विजेचा.

“भाऊ, लाईन आली, पण तुमचं काई दिसून नाई राह्यलं,” असा फोन आला की समजायचं, मशीन बंदच आहे. प्रत्येक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ शोधा आणि ‘पॉवर ऑन’ करा. लाईन आली की मशीन आपोआप उठतं. रस्टडेस्क सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजसोबत आपोआप सुरू होईल असं, इन्स्टॉल असेल तर लॉगिनच्या आधीच हाती लागतं. नुसती फाईल चालवून भागवू नका; विंडोजने परवानगीची खिडकी उघडली की तिथेच अडकता.

जुन्या बोर्डांवर एवढ्यानेही भागत नाही. बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल मेलेला असला की रात्रभर लाईन नसताना बायोसची सेटिंग पुसली जाते, आणि सकाळी काळ्या पडद्यावर ‘एफ१ दाबा’ येऊन मशीन तसंच उभं राहतं. विंडोजच सुरू नाही, तर कुठलं रिमोट अ‍ॅप काय करणार? त्या एका बटणासाठी गाडी काढून जावं लागतं आणि पेट्रोल सेलपेक्षा महाग पडतं. म्हणून मी आता रस्टडेस्क टाकायच्या आधी सेल बदलतो, पैसे दुकानदाराकडून घेतो. कोणी कुरकुर केली तरी घेतोच.

पासवर्ड प्रत्येक मशीनचा वेगळा आणि तो फक्त माझ्याकडे. रिमोट अ‍ॅपवरून यूपीआय फसवणूक होते असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दिला होता, आणि दुकानदारांची भीती रास्त आहे. मी जोडतो तेव्हा आधी फोन करतो, ते स्क्रीनसमोर बसलेले असतात.

मोबाईलवरून चालवणं मात्र अजून जिकिरीचं आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बोटाने कर्सर नेमका बसत नाही, त्यामुळे शेतात असलो तर काम घरी पोचेपर्यंत थांबतं.